दुसऱ्या मुलाची चौकट

पुण्याच्या एका एजन्सीने आमच्या भागातल्या एका संस्थेला फसवलं. अर्धवट काम पूर्ण म्हणून गळ्यात मारलं. ते उघडं पडायला लागलं तेव्हा सगळा दोष सातपुड्यातल्या मोलगी गावच्या एका ऑपरेटर मुलीवर टाकला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे कॉम्प्युटरची भाषा येणार आहे आणि तिच्या गर्दीत मूळ गोष्ट हरवायला नको.

गिरासे सर माझ्या ऑफिसात आले ते जिन्यावरूनच बोलत आले. अक्कलकुव्यात हायवेला टायरवाल्याच्या वर माझी खोली आहे. खाली पंक्चर, वर वेबसाइट. सर त्या संस्थेचे कोऑर्डिनेटर. त्यांनी हातातला टॅब माझ्या टेबलावर ठेवला आणि पंख्याखाली बसले.

"देख भो, बठ्ठा घोळ व्हई गया."

"आते उनी का मन्ही याद?" मी म्हटलं.

आता आली का माझी आठवण, हे विचारायचा मला हक्क होता. संस्थेचं हे काम मी मागितलं होतं. माझं कोटेशन बघून ट्रस्टी म्हणाले, पंक्चरच्या दुकानावरचा माणूस नको, मोठ्या शहराचं नाव पाहिजे. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकलो नाही हे खरं. झेरॉक्सच्या दुकानात शिकलो, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरता भरता. पण चाळीस अर्ज भरणाऱ्याला अर्ज कुठे अडतो ते जितकं कळतं, तितकं अर्ज काढणाऱ्याला कळत नाही. तो राग माझ्या मनात होता आणि मी तो लपवला नाही.

सरांनी सांगितलं ते असं. दिवाळीनंतर सातपुड्यातली घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. पोरं सोबत गेली की शाळा सुटते, ती पुढच्या पावसापर्यंत. म्हणून संस्था हंगामी वसतिगृह चालवते. आईबाप जातात, पोरं इथे राहतात, जेवतात, शाळेत जातात. दरवर्षी ही यादी कागदावर व्हायची. यंदा पहिल्यांदा वेब पेजवर केली. मोलगीच्या बाजारात टेबल मांडायचं, टॅबवर नावं भरायची, यादी आपोआप तयार.

यादी तयार झाली. पण तिच्यात पोरंच नव्हती.

म्हणजे नावं होती. नावासमोर 'वसतिगृह हवे' असा रकाना होता आणि त्यात बहुतेकांच्या पुढे 'नाही' आलं होतं. यादीत 'नाही' असलेल्याला खाट मिळत नाही. आणि पुढच्या बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या निघणार होत्या. ज्या पोराची खाट नाही ते पोर गाडीत बसणार, हे ठरलेलं.

"एजन्सी काय म्हणते?"

"त्यासनं पत्र उनं. सिस्टिम बराबर शे, ऑपरेटरनी टिक करी नही, असं." मग सर म्हणाले, "सुनीताले ट्रस्टींनी घरी बसाडी दिनं."

सुनीता वळवी मोलगीजवळची. बारावी झालेली. बाजारातल्या टेबलावर तीच बसायची. मी तिला ओळखत होतो, तिचे स्वतःचे अर्ज माझ्याच दुकानात भरले होते. एक स्पेलिंग चुकलं तर उठून पुन्हा रांगेत उभी राहणारी पोरगी. ती शेकडो टिक विसरेल हे मला पटेना.

"यादी दाखवा," मी म्हटलं.

यादी मी वरून खाली वाचली नाही. घराघराने वाचली. ज्या घरातून एकच पोर होतं तिथे 'हो' होतं. दोन पोरं असलेल्या घरात दोघांना 'नाही'. तीन असतील तर पहिल्याला 'हो', बाकी दोघांना 'नाही'. चार असतील तर चौघांना 'नाही'. पान उलटलं, तेच. पुढचं पान, तेच.

मी टॅब खाली ठेवला.

"सर, ही चूक सुनीताची नाही."

"कसावरून?"

"माणूस चुकतो तो कुठेही चुकतो. इथे सगळं शिस्तीत चुकलंय. इतकी शिस्त फक्त मशीनला असते."

सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा रंग आला. "मंग दुरुस्त कर. काय लेशी ते सांग."

आता मी सौदा करणारा माणूस आहे. भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेतल्याशिवाय मी उठत नाही. पण त्या दिवशी मी पैशाचा विषय काढला नाही. माझी बायको यावर अजूनही विश्वास ठेवत नाही.

"एक, मला सर्व्हर, यादी जिथे साठते ते मशीन, थेट पाहिजे. एजन्सीच्या मार्फत नाही. दोन, बाजाराच्या दिवशी टेबलावर सुनीता बसेल."

"सुनीता नको रे. ट्रस्टींनी काढलं तिले."

"मग पेज पुण्याहून दुरुस्त करून घ्या."

सर उठले. टॅब उचलला. तीन पायऱ्या उतरले. मी खिडकीतून खाली टायरवाल्याकडे बघत बसलो. पायऱ्यांवरचा आवाज थांबला.

"बशी ती. पण मागे बशी, टेबलवर मी बससू."

"टेबलावर ती. मागे तुम्ही."

"तू ना, फार आडमुठा शे."

"हो. चहा घ्या."

सर वर आले आणि चहा घेतला.

सर गेल्यावर मी पेज उघडून आतलं लिखाण बघितलं. वेब पेजवर जे दिसतं त्याच्या मागे सूचना लिहिलेल्या असतात. बटण दाबलं की काय करायचं, हे सांगणारी भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. या पेजवर मुलाची एक ओळ होती. नाव, वय, इयत्ता आणि शेवटी वसतिगृहाची चौकट, जिच्यात टिक करायची. खाली 'आणखी मूल' असं बटण. ते दाबलं की जावास्क्रिप्ट पहिल्या ओळीची हुबेहूब नक्कल करून खाली चिकटवायची. काम करायची पद्धत म्हणून हे चांगलंच आहे. मीही तसंच करतो.

घोटाळा त्या हुबेहूबमध्ये होता. पेजवरच्या चौकटीला एक ओळखनंबर देता येतो. त्याला आयडी म्हणतात. नियम असा की एका पेजवर एक आयडी एकदाच यावा. चौकटीच्या शेजारचे शब्द, म्हणजे लेबल, त्या आयडीवरून आपली चौकट शोधतात. शब्दांवर बोट लावलं तरी चौकटीत टिक होते ती त्यामुळे. इथे ओळीची नक्कल झाली तेव्हा आयडीचीही नक्कल झाली. चार पोरांच्या चार चौकटी, सगळ्यांचा आयडी एकच. शब्द आपली चौकट शोधायला निघाले की वरून पहिली भेटली तिथेच थांबायचे.

असं समजा. एका लायनीत चार घरं आहेत. प्रत्येक घरात दिव्याचं बटण आहे. पण वायरमनने चारही बटणं पहिल्या घराच्या दिव्याला जोडली. पहिल्याने दाबलं, दिवा लागला. दुसऱ्याने दाबलं, पहिल्याचा दिवा विझला. तिसऱ्याने दाबलं, पुन्हा लागला. चौथ्याने विझवला. दोन आणि चार पोरांच्या घरात अंधार का, ते यावरून कळलं.

मग सुनीताला हे दिसलं कसं नाही? कारण एजन्सीच्या डिझायनरला चौकट दिसायला जुनाट वाटली. त्याने खरी चौकट लपवून टाकली. तिच्या जागी त्या शेजारच्या शब्दांचीच एक पट्टी ठेवली. पट्टीला बोट लावलं की ती हिरवी व्हायची. चौकटीचं काहीही होवो, पट्टी हिरवी. सुनीताने चारदा बोट लावलं, चार पट्ट्या हिरव्या बघितल्या आणि समोरच्या माणसाला सांगितलं, झालं तुझं.

मी एजन्सीला फोन लावला. मिहीर नावाचा मुलगा बोलला. आवाज गोड.

"सर, आमच्या एंडने सगळं क्लिअर आहे. टेस्टिंग रिपोर्टवर संस्थेची सही आहे."

"टेस्टिंगला एका फॉर्ममध्ये किती मुलं भरली?"

"म्हणजे?"

"मुलं. लेकरं. एका फॉर्ममध्ये किती?"

"एक. स्टँडर्ड केस तीच असते ना."

"आमच्याकडे एक ही स्टँडर्ड केस नाही, साहेब. एक भाऊ आधी उसाला गेलेला असतो, दुसरा मागे असतो. मागे राहिलेला दोघांचीही पोरं घेऊन बाजाराला येतो. टेबलासमोर एकदाच उभा राहतो आणि एकाच फॉर्ममध्ये सगळी लिहून जातो. 'आणखी मूल' हे बटण तुम्हीच दिलंय ना? ते तुमच्यापैकी कोणी एकदा तरी दाबून बघितलं का?"

मग तो म्हणाला, "सर्व्हरचा ॲक्सेस थर्ड पार्टीला देता येणार नाही. पॉलिसी आहे."

माझं डोकं फिरलं. पण फिरलेल्या डोक्यानेही मला सौदा जमतो.

"ठीक आहे. मग बाजाराच्या दिवशी तुम्ही मोलगीला या. लोकांना समोर बसवून तुम्हीच सांगा की ऑपरेटरने टिक केली नाही. अक्कलकुव्याहून जीप मिळेल. घाट आहे, सकाळी पोटभर खाऊ नका."

ॲक्सेस थोड्या वेळात आला.

दुरुस्ती मोठी नव्हती. ओळीची नक्कल झाली की जावास्क्रिप्टने तिला नवा नंबर द्यायचा. चौकटीला तोच नंबर आणि शेजारच्या शब्दांनाही तोच. लपवलेली चौकट मी बाहेर काढली, चांगली मोठी केली. पट्टीचा हिरवा रंग काढून टाकला. डिझायनरला वाईट वाटलं असेल तर त्याने सांगावं. चार खोटी पोरं भरली, चौघांना टिक केली, चारही 'हो' आले. मी लॅपटॉप बंद केला.

एक गोष्ट मात्र परत आणता येत नव्हती. आधीच्या टिका गेल्या त्या गेल्या. कोणाला वसतिगृह हवं होतं आणि कोणाला नको, हे आता सर्व्हरला माहीत नव्हतं. एकापेक्षा जास्त पोरं असलेल्या प्रत्येक घराला पुन्हा विचारावं लागणार होतं, आणि तेही एका बाजारात.

सरांनी आश्रमशाळांत, पाड्यांवर निरोप पाठवले. बाजाराच्या सकाळी आम्ही मोलगीला पोचलो. जीपमधून माणसं उतरत होती, डोंगरातून पायी येत होती. मिठाचं आणि कपड्याचं दुकान यांच्या मध्ये आमचं टेबल. सुनीता आधीच येऊन बसली होती. मला बघून हसली नाही.

"दादा, आता चौकटीत टिक दिसली म्हणजे खरंच झालं ना?"

"खरंच."

"मागच्या वेळी सर पण असंच बोलले होते." हे तिने सरांना ऐकू जाईल असं म्हटलं. सर मागच्या खुर्चीत मोबाईल बघू लागले.

रांग लागली. दित्याबाबा म्हणून एक गृहस्थ आले. सोबत चार पोरं. दोन त्यांची, दोन भावाची. भाऊ आणि त्याची बायको पंधरवड्यापूर्वीच कामावर गेलेले. मागच्या बाजारात दित्याबाबांची चारही पोरं 'नाही' झाली होती. आता ते स्वतः निघणार होते. त्यांच्याशी सुनीता घरच्या बोलीत बोलली आणि आम्हाला मराठीत सांगत गेली.

"मोठा रमेश सोबत जाणार. घरी तान्ही बहीण आहे, तिला सांभाळायला. बाकी तिघं इथे राहणार."

तिने रमेशची चौकट रिकामी ठेवली. खालच्या तिघांना टिक केली. सगळं स्वच्छ दिसत होतं. फॉर्म पाठवला.

मी तिला म्हटलं, "यादी उघड आणि मोठ्याने वाच. त्यांना ऐकू दे." कारण आता माझा दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास राहिला नव्हता.

सुनीताने वाचलं. "रमेश, हो. रेखा, हो. मंगल, हो. जगू..." ती थांबली. "जगू, नाही."

जगू सर्वांत लहान. दित्याबाबांच्या बोटाला धरून उभा होता. दित्याबाबा काहीतरी बोलले. रांगेतली माणसं हसली.

"काय म्हणाले?"

"बाबा म्हणतो, तुझ्या मशीनने लहान्याला ऊस तोडायला पाठवलं आणि मोठ्याला जेवायला बसवलं."

मी लालबुंद झालो. मागून सर म्हणाले, "काय व्हयनं आते?" मी म्हटलं, "गप बसा." मग म्हटलं, "सर."

काय झालं ते मला थोड्या वेळात दिसलं. टिक नसलेली चौकट सर्व्हरला काहीच पाठवत नाही. 'नाही' असंसुद्धा पाठवत नाही. ती गप्प राहते. त्यामुळे सर्व्हरकडे चार नावं गेली आणि तीन टिका गेल्या. कोणती टिक कोणाची, हे तिच्यावर लिहिलेलं नव्हतं. वर्गात गुरुजी डोकं खाली घालून हजेरी घेतायत, चार नावं लिहिलेली आहेत आणि तीनदा 'हजर' ऐकू आलं, म्हणून त्यांनी वरच्या तिघांना हजर मांडलं, तसं. एजन्सीने सर्व्हरला असंच शिकवलं होतं. आणि मी ऑफिसात तपासताना चौघांनाही टिक केली होती, म्हणून मला ते दिसलं नाही. तो आळस माझा.

मी लॅपटॉप उघडला. टेबलावर जागा नव्हती. शेजारच्या दुकानदाराने मिठाचं पोतं पुढे सरकवलं. त्याच्यावर लॅपटॉप ठेवला. मोबाईलचं नेट जोडलं. रांग उभीच होती. तिकडे रस्त्याला मुकादमाचा माणूस गाडीच्या दाराला टेकून उभा राहून दित्याबाबांना हाका मारत होता. उद्याची यादी आणि उचलीचा हिशेब आजच करायचा होता त्याला.

"किती टाइम लागी?" सर.

"तुम्ही बोलत राहाल तितका."

"मी काय बोली ऱ्हायनू?"

सुनीता म्हणाली, "सर, पाणी प्या."

काम काय होतं? आयडी मी ओळीओळीला वेगळा केला होता. पण माहिती ज्या नावाने सर्व्हरकडे जाते ते नाव अजून सगळ्या ओळींना सारखंच होतं. त्यातही ओळीचा नंबर घालायचा. मग टिक एकटी जात नाही, 'मी तिसऱ्या ओळीची' असं सांगत जाते. आणि सर्व्हरकडे सांगून ठेवायचं की ज्या ओळीची टिक आली नाही ती 'नाही' धर, खालची वर ओढू नकोस. दोन्हीकडे बदललं. नेट मध्येच गेलं. मी मोबाईल हात वर करून धरला. कपड्याच्या दुकानातल्या बाईने तो माझ्या हातातून घेतला आणि दुकानाच्या बांबूला दोरीने बांधून दिला. नेट आलं.

"आता भर," मी सुनीताला म्हटलं.

तिने दित्याबाबांचा फॉर्म पुन्हा भरला. रमेशची चौकट रिकामी, बाकी तिघांना टिक. पाठवला. यादी उघडली. आधी एकेक ओळ बोटाने तपासू लागली.

"वाच ना पोरी," मी म्हटलं.

"रमेश, नाही. रेखा, हो. मंगल, हो. जगू, हो."

दित्याबाबांनी जगूच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले.

"काय?"

"बाबा म्हणतो, पुन्हा एकदा वाच."

तिने पुन्हा वाचलं. तेच आलं. मग ते मुकादमाच्या माणसाकडे गेले आणि त्याला म्हणाले असावेत की गाडीत माझी किती माणसं येणार. कारण त्या माणसाने तोंड वाकडं केलं. आमच्यासाठी ते वाकडं तोंड फार गोड होतं.

त्यानंतर प्रत्येक घराची यादी सुनीताने मोठ्याने वाचली. दोन पोरं, तीन पोरं, एका घरातून सहा. एका बाईने तिला दटावलं, हळू वाच, मला मोजू दे. ऊन उतरेपर्यंत रांग संपली. एकही टिक घसरली नाही. सरांनी संस्थेच्या ऑफिसला फोन करून यादी तिकडेही वाचून घेतली. मग ते खुर्चीवरून उठले, सुनीताच्या टेबलाजवळ आले आणि म्हणाले, "बेटा, तुन्हं काम बराबर व्हतं. उद्यापासून ये." ती म्हणाली, "पत्रात लिहून द्या, सर." मला ही पोरगी माझ्या दुकानात कामाला पाहिजे होती. विचारलं. नाही म्हणाली.

पोरांची जीप वसतिगृहाकडे निघाली तेव्हा मी भजी खात होतो. दोन प्लेट खाल्ल्या. घाट उतरताना सर पुढच्या सीटवर झोपले आणि मी त्यांना उठवलं नाही.

यातून घ्यायचं ते इतकंच. एका मुलावर तपासलेलं पेज एका मुलापुरतंच चालतं. सारख्या दिसणाऱ्या ओळी असतील तर प्रत्येक ओळीला तिचा नंबर द्या, रिकामी चौकट ठेवून तपासा, आणि जे पडद्यावर दिसलं ते यादीत उतरलं का, हे ज्याची पोरं आहेत त्याच्यासमोर वाचून घ्या.

पण हे इथे संपत नाही. जे त्या बाजाराला आले त्यांची सोय झाली. काही घरं त्याआधीच गेली होती. पट्टी हिरवी झाली म्हणून निश्चिंत झाली, मग यादीत 'नाही' आलंय असं कळलं, आणि पोरांना सोबत घेऊन निघून गेली. सरांनी फोन लावले. काहींचे लागले, आणि त्यांनी पोरं परत पाठवली. काहींचे लागलेच नाहीत. ती पोरं आज कुठल्या तरी फडात पाचट गोळा करतायत. आणि एजन्सीचं ते पत्र, 'ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलेलं, अजून संस्थेच्या फाइलमध्ये आहे. कोणी मागे घेतलेलं नाही. मिहीरचा फोन लागतो, तो म्हणतो मालकांशी बोला. मालक फोन उचलत नाहीत.

मालक, हे वाचत असाल तर ऐका. मोलगीचा बाजार दर आठवड्याला भरतो. या. सुनीताच्या टेबलासमोर उभे राहा. ती दुसऱ्या मुलाची चौकट कोणी लपवली, हे तिला तोंडावर सांगा. आणि जी पोरं फडात गेली त्यांच्या या वर्षाचं काय करायचं, याचं उत्तर देऊनच परत जा.